महाराज आले होते का, यापुढचे प्रश्न

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये तंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळचं देऊळ आहे. भोवती घाऊक बाजार, हातगाड्या, मालाची चढउतार आणि त्या गर्दीतून वर आलेलं गोपुर. छत्रपती शिवाजी महाराजांनी ३ ऑक्टोबर १६७७ रोजी इथे येऊन देवीचं दर्शन घेतलं, असं देवळातला फलक सांगतो. रामेश्वर-कन्याकुमारीला निघालेली मराठी मंडळी चेन्नईत थांबली की अलीकडे इथे आवर्जून जातात. देवीला हात जोडले जातात, फलकापुढे फोटो निघतात, जयघोष होतो आणि गाडी मरीना किनाऱ्याकडे वळते. या भेटीत गैर काहीच नाही. मात्र परक्या शहरातल्या जुन्या वास्तू आणि देवळं पाहताना आपण काय शोधतो, हे तिच्यावरून नीट कळतं. आपले प्रश्न दोनच असतात: हे किती जुनं आहे, आणि यात आपलं काय आहे? चेन्नईत हे दोन्ही प्रश्न अपुरे पडतात. इथली बहुतेक प्रार्थनास्थळं एकदा तरी पाडली गेली आहेत, हलवली गेली आहेत किंवा नव्याने बांधली गेली आहेत. इथे दगडाचं वय विचारलं तर उत्तर चुकतं, आणि ‘आपलं’ शोधायला गेलं तर समोरचं दिसत नाही.

आधी महाराजांचाच प्रश्न घेऊ. १६७७ साली ते दक्षिण दिग्विजयावर होते, हे निर्विवाद आहे. श्रीशैलम झालं, जिंजी हाती आली, वेल्लोरच्या कोटाला वेढा पडला. त्याच वर्षी मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या इंग्रजांशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. मे महिन्यात त्यांच्या वकिलाने किल्ल्यात पत्र आणलं. त्यात विषावरचे उतारे आणि अशीच काही दुर्मीळ औषधी द्रव्यं मागितली होती. त्या वेळी किल्ल्याचा कारभार विल्यम लँगहॉर्नकडे होता. इंग्रजांनी वस्तू पाठवल्या, पैसे घेतले नाहीत. एवढी मोठी फौज काही मजलांवर असताना किमतीवरून घासाघीस करणं परवडणारं नव्हतं. पुढे महाराजांनी कामाचे इंजिनिअर मागितले तेव्हा मात्र इंग्रजांनी गोड शब्दांत नकार कळवला. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांतून दिसणारे महाराज हे असे आहेत: सावध, चौकस आणि परक्याकडचं तंत्र आपल्या कामाला लावू पाहणारे. मराठी वाचकाला या नोंदी फलकापेक्षा खरं तर जास्त मोलाच्या वाटायला हव्यात. पण त्या पत्रव्यवहारात महाराज स्वतः मद्रासेत येऊन देवीपुढे उभे राहिले, असं कुठे लिहिलेलं नाही.

परंपरेकडे याचं उत्तर तयार असतं: ते गुपचूप आले होते. उत्तर सोयीचं आहे, पण जी भेट कोणाला कळूच नये म्हणून झाली ती इतक्या नेमक्या तारखेसह कोणाला कशी कळली, हा प्रश्न त्यातूनच निघतो. काही जण याही पुढे जातात. या देवीच्या दर्शनानंतर महाराज छत्रपती झाले, असंही सांगितलं जातं. रायगडावरचा राज्याभिषेक जून १६७४ मधला, म्हणजे भेटीच्या सांगितल्या जाणाऱ्या तारखेच्या तीन वर्षं आधीचा. कथेचा हा भाग पडताळता येतो आणि पडताळल्यावर तो टिकत नाही.

एवढ्यावर इतिहासाचा काटेकोर अभ्यासक फाइल बंद करील, आणि भाविक म्हणेल की श्रद्धेला कागद लागत नाहीत. माझ्या मते दोघंही घाई करतात. एखादी परंपरा सांगितलेल्या घटनेचा पुरावा नसेलही, पण ती सांगणाऱ्यांचा पुरावा नक्की असते. मद्रासमधल्या तमिळ माणसांना सह्याद्रीतल्या राजाची आठवण आपल्या देवळात ठेवावीशी वाटली, ही गोष्ट स्वतःच ऐतिहासिक आहे आणि तिचा खुलासा मागण्यासारखा आहे. हे देऊळ परंपरेने विश्वकर्मा समाजाचं, म्हणजे सोनार, सुतार, लोहार, तांबट आणि पाथरवट यांचं. देवी पूर्वी किनाऱ्यावर, आज किल्ला आहे त्या भागात होती, म्हणून तिला कोट्टै अम्मन, किल्ल्याची आई, म्हणतात. १६४० च्या सुमारास इंग्रजांचा किल्ला उभा राहिला आणि देवी आजच्या जागी आली, असं देवस्थान सांगतं. म्हणजे कंपनीच्या किल्ल्यामुळे जिला जागा सोडावी लागली, तिच्याच दर्शनाला कंपनी ज्याला घाबरते असा राजा येतो. ही कथा तिच्या भक्तांना का प्रिय झाली असेल, हे आता वेगळं सांगायला नको. मात्र हे समजून घ्यायचं तर फलकावरची नजर काढून देवळाकडे, तिथल्या माणसांकडे आणि त्यांच्या धंद्यांकडे पाहावं लागतं. याच जॉर्ज टाउनच्या सोन्याच्या पेठांत सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडीकडून आलेले गलाई कारागीर सोनं-चांदी गाळतात. दुष्काळी तालुक्यांतून बाहेर पडून देशभर पसरलेली ही मराठी माणसं आहेत. फलकाशी फोटो काढून निघालेल्या किती जणांना त्यांची भट्टी पाहावीशी वाटते?

आता कालिकांबाळहून सात-आठ किलोमीटर दक्षिणेला, मैलापूर भागातल्या सँथोमला जाऊ. तिथलं पांढरंशुभ्र गॉथिक बॅसिलिका येशूच्या बारा शिष्यांपैकी थॉमसच्या कबरीवर उभं असल्याचं मानलं जातं. थॉमस इसवी सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि ७२ मध्ये आज सेंट थॉमस माउंट म्हणतात त्या टेकडीवर मारला गेला, अशी परंपरा आहे. कबरीची ख्याती जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने तिच्याबद्दल लिहिलं, आणि ख्रिस्ती व मुसलमान दोघंही तिथे यात्रेला येतात असंही नोंदवलं. पोर्तुगीजांनी १५२३ मध्ये ती उकरली. थॉमसचे अवशेष मात्र परंपरेनुसार फार पूर्वीच एडेसाला गेले आणि तिथून फिरत १२५८ साली इटलीतल्या ऑर्टोना गावी पोहोचले. मैलापूरच्या कबरीपाशी जपलेला आहे तो अवशेषाचा लहानसा अंश. पहिल्या शतकात थॉमस इथे आला, असं सांगणारा त्या काळचा कागद नाही. त्याच्या भारतातल्या कार्याची कथा सांगणारा ग्रंथ तिसऱ्या शतकातला आहे.

दोन्ही ठिकाणी गोष्टीची घडण सारखीच आहे. कोणीतरी थोर दुरून आला, त्याची पावलं इथे उमटली, समकालीन कागद नाही, पण तारीख पक्की आहे, आणि भोवती पिढ्यान्‌पिढ्या जपणारी माणसं आहेत. तरी आपण दोन्हीकडे सारखं वागतो का? कालिकांबाळच्या फलकापुढे गहिवरणारा आपल्यातला माणूस सँथोममध्ये मिस्कील हसतो: ‘दोन हजार वर्षांपूर्वी तो इथे आला, हे यांना कोणी सांगितलं?’ याच्या उलटही घडतं. आधुनिक म्हणवणारा माणूस सँथोमच्या कथेला ‘सुंदर आख्यायिका’ म्हणून जपतो आणि कालिकांबाळच्या फलकाला अस्मितेचं राजकारण म्हणून झटकून टाकतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण घरापुरती ठीक आहे. इतिहासात ती लावली की सगळ्या नोंदी वाकड्या होतात. प्रार्थनास्थळं पाहण्याची पहिली अट एवढीच, की दोन्हीकडे प्रश्न तेच विचारायचे: पडताळता येईल ते पडताळायचं, येणार नाही ते परंपरा म्हणून आदराने ऐकायचं, आणि परंपरा सांगणाऱ्या माणसांना विसरायचं नाही.

यावर एक आक्षेप नक्की येईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. सँथोम आणि कालिकांबाळ यांना एकाच मापाने कसं मोजता? पोर्तुगीजांनी मैलापूरचं कपालीश्वराचं किनाऱ्यावरचं देऊळ पाडलं. सँथोमच्या आवारात जुन्या देवळांच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. हे खरं आहे आणि ते दबक्या आवाजात सांगण्याचंही कारण नाही. अरुणगिरीनाथरांसारख्या पंधराव्या शतकातल्या संतकवीला कपालीश्वर समुद्राकाठी दिसतो. आजचं देऊळ किनाऱ्यापासून आत आहे. ते त्यानंतरचं, आणि त्याचं सदतीस मीटर उंचीचं पूर्वेचं गोपुर तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचा दगड शोधायला मैलापूरला गेलेल्याची निराशाच होईल.

पण इथेच ‘किती जुनं’ या प्रश्नाची मर्यादा दिसते. सातव्या शतकात शैव संतकवी संबंदरांनी याच मैलापूरवर एक पदमालिका रचली. पूंपावै ही सर्पदंशाने गेलेली मुलगी. तिच्या अस्थींपुढे उभं राहून ते वर्षभरातले इथले उत्सव एकेक करून आठवतात आणि विचारतात, हे पाहिल्याशिवाय तू कशी गेलीस? कथेत ती मुलगी उठते. कथेवर विश्वास ठेवा न ठेवा, पण त्या पदांत आलेल्या उत्सवांपैकी पंगुनीचा उत्सव आजही कपालीश्वराच्या चार रस्त्यांवर भरतो. त्रेसष्ट नायन्मारांच्या, म्हणजे शैव संतांच्या, मूर्ती मिरवतात तेव्हा रस्ते माणसांनी भरून जातात. मग जुनं काय, दगड की उत्सव? पोर्तुगीजांना दगड पाडता आले, पंचांग पाडता आलं नाही. चेन्नईत जुनेपणाचा शोध घ्यायचा असेल तर खांबांवरच्या नक्षीइतकंच उत्सवांच्या तारखांकडे बघावं. दगडात हवं असेल तर तेही आहे: तिरुवल्लिक्केणीच्या पार्थसारथी देवळात पल्लव राजा दंतिवर्मनच्या काळचा शिलालेख आहे, आणि तो शहरातल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. पण तिथे जाणारे हजारो लोक लेख वाचायला जात नाहीत. मिशा असलेला कृष्ण पाहायला जातात.

पाडापाडी फक्त पोर्तुगीजांनी केली असंही नाही. आजच्या उच्च न्यायालयाच्या परिसरात एकेकाळी कंपनीच्या जुन्या ब्लॅक टाउनची वस्ती होती आणि तिच्यात चेन्न केशव पेरुमाळ आणि चेन्न मल्लिकेश्वर यांचं नगरदेवालय होतं. १७४६ ते १७४९ या काळात मद्रास फ्रेंचांच्या ताब्यात होतं. ते परत मिळाल्यावर किल्ल्यासमोर मोकळं मैदान असावं, तोफांच्या माऱ्यात आडोसा नको, म्हणून इंग्रजांनी ती वस्ती साफ करायला घेतली. १७५७ मध्ये देऊळ उतरवलं गेलं. बदल्यात पलीकडे नवी जागा मिळाली आणि मणली मुत्तुकृष्ण मुदलियार यांच्या पुढाकाराने, लोकवर्गणी आणि कंपनीच्या मदतीने फ्लॉवर बाजारात जुळी देवळं उभी राहिली. किल्ल्याभोवतीच्या या मोकळ्या पट्ट्याची हद्द दाखवायला १७७३ मध्ये दगडी स्तंभ रोवले गेले. त्यांतला एकच उरला आहे, पारीज कॉर्नरला, उच्च न्यायालयासमोरच्या इमारतीच्या आवारात. १८९२ मध्ये पूर्ण झालेलं लाल विटांचं इंडो-सारसेनिक न्यायालय पाहायला रोज माणसं येतात, पण समोरच्या स्तंभापाशी कोणी थांबत नाही. शहराची कहाणी मात्र त्या ओबडधोबड दगडात जास्त आहे: कोणाच्या सुरक्षेसाठी कोणाची घरं आणि कोणाचे देव हलले, ते तो सांगतो.

त्याच तोफांच्या हिशेबाने कंपनीने आपल्या मृतांनाही सोडलं नाही. १६८० मध्ये किल्ल्यात सेंट मेरीज चर्च पवित्र करण्यात आलं. एलिहू येल आणि पुढे रॉबर्ट क्लाइव्ह यांची लग्नं याच चर्चमध्ये लागली. बाहेरच्या अंगणात पायाखाली थडग्यांचे लेखच लेख आहेत. ते तिथे पुरलेल्यांचे नाहीत. किल्ल्याबाहेरच्या दफनभूमीतल्या थडग्यांचा फ्रेंचांनी १७५८-५९ च्या वेढ्यात आडोसा घेतला, म्हणून नंतर ती उतरवली आणि त्यांचे शिलालेख चर्चभोवती आणून पसरले. त्या अंगणातून चालताना आपण कोणाच्याही कबरीवर नसतो, फक्त नावांवर असतो. देऊळ हलवणाऱ्या सत्तेने आपल्या मेलेल्यांनाही हलवलं, हे दोन्ही एका दमात सांगितलं तर इतिहास कळतो. एकच सांगितलं तर तक्रार होते.

आता प्रश्न असा, की पाडलेल्या देवळांची ही माहिती घेऊन आपण काय करायचं? जगभर या प्रश्नाचं एक उत्तर दिलं जातं: जे होतं ते परत करा. इस्तंबूलचं आया सोफिया चर्च होतं, मशीद झालं, १९३० च्या दशकात संग्रहालय झालं आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद. प्रत्येक बदलाने कोणाला तरी न्याय मिळाल्याचं समाधान दिलं आणि कोणाला तरी नवी जखम दिली. चेन्नईने दुसरा मार्ग घेतला. तो कोणी बसून ठरवला नव्हता, जगण्याच्या रेट्यात तो तसा पडत गेला. कपालीश्वर आत सरकला आणि आपला उत्सव घेऊन सरकला. चेन्न केशव फ्लॉवर बाजारात गेला. कालिकांबाळ तंबू चेट्टी स्ट्रीटवर गेली. भक्तांनी देवाला जुन्या जागेपेक्षा मोठं मानलं, म्हणून ते झालं. हा विसराळूपणा म्हणता येणार नाही. कोट्टै अम्मन हे नाव आजही विस्थापनाची आठवण करून देतं. आठवण ठेवायची आणि तिचा हिशेब आजच्या शेजाऱ्याच्या खात्यावर मांडायचा नाही, ही इथल्या देवळांनी दिलेली शिकवण आहे. सँथोमला आज रविवारी मिस्सासाठी येणारी तमिळ कुटुंबं म्हणजे सोळाव्या शतकातलं पोर्तुगीज आरमार नव्हे.

दुसरा आक्षेप भाविकांचा. ते म्हणतील, आम्ही देवाला जातो, तुमच्या शिलालेखांचं आम्हाला काय? देव पाहिला, हात जोडले, अर्चना केली, विभूती लावली, पुरे. हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त गंभीर वाटतो, कारण देऊळ जिवंत ठेवतात ते हेच लोक. पण न पाहता जोडलेल्या हातांनी देवाचंच नुकसान होऊ शकतं, याचा दाखला कपालीश्वरातच आहे. तिथे पुन्नैवननाथाच्या सन्निधीत मोराच्या रूपातली देवी शिवलिंगाची पूजा करते, अशी मूर्ती आहे. मैलापूरच्या स्थळपुराणाचा गाभाच तो. २००४ च्या कुंभाभिषेकाच्या सुमारास मूळ मूर्ती बदलली गेली, अशी तक्रार पुढे मद्रास उच्च न्यायालयात गेली आणि तपासाचे आदेश झाले. फरक काय होता? आधीच्या मोराच्या चोचीत फूल होतं, नंतरच्या मोराच्या चोचीत साप. वर्षानुवर्षं रोज शेकडो माणसं त्या मूर्तीपुढे डोळे मिटून उभी राहत होती. डोळे उघडे ठेवणारा एखादाच निघाला, आणि प्रश्न न्यायालयापर्यंत गेला तो त्याच्यामुळे. नीट पाहणं ही भक्तीतली कमतरता नाही, ती राखण आहे.

या राखणीचा प्रश्न तमिळनाडूत सरकारी पातळीवरही धगधगतो आहे. हिंदू देवस्थानांचा कारभार १९५९ च्या कायद्याखालच्या खात्याकडे आहे. देवळांची दर बारा वर्षांनी डागडुजी करून कुंभाभिषेक करण्याची रीत आहे, आणि या डागडुजीतच जुने दगड वाळूच्या माऱ्याने घासले जातात, शिलालेख पुसट होतात, खांबांवर फरशा चढतात. ७ जून २०२१ रोजी न्या. आर. महादेवन आणि न्या. पी. डी. आदिकेशवलू यांच्या खंडपीठाने देवळं, मूर्ती आणि वारसास्थळं यांच्या जतनासाठी ७५ निर्देश दिले. न्यायालयाला एवढे निर्देश द्यावे लागले याचाच अर्थ हा, की भक्ती आणि जतन यांना आपण दोन वेगळ्या खात्यांत टाकलं आहे. भाविक म्हणतो जतन हे पुरातत्त्वाचं काम, पुरातत्त्व म्हणतं देऊळ चालू आहे तर ते भाविकांचं, आणि दोघांच्या मधल्या फटीतून मूर्ती निसटते.

निव्वळ जतन म्हणजे काय, हेही याच शहरात पाहता येतं. जॉर्ज टाउनमध्ये आर्मेनियन स्ट्रीटवर १७७२ चं आर्मेनियन चर्च आहे. आवारात चाफ्याची झाडं, भिंतीवर जुन्या थडग्यांचे लेख. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक ‘अझदरार’ १७९४ मध्ये याच मद्रासेत निघालं; ते काढणाऱ्या पाद्री हारुत्युन श्मावोनियान यांचं थडगं इथेच आहे. सगळं सुबक, स्वच्छ, शांत. फक्त माणसं नाहीत. आर्मेनियन व्यापारी शहर सोडून गेले आणि चर्चमध्ये नियमित उपासना उरली नाही. त्याच रस्त्यावर काही पावलांवर सेंट मेरीज को-कॅथेड्रल आहे. दर मंगळवारी तिथे सेंट अँथनीपुढे रांग लागते, आणि तीत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे असतात; नवस, मेणबत्त्या, हार, रडणारी पोरं. एकीकडे सुरक्षित पोकळी, दुसरीकडे गजबजलेली अडचण. मला दोन्हींपैकी एक निवडायला सांगितलं तर मी गजबज निवडेन. पण एखादं शहाणं शहर निवडत बसणार नाही; गजबजलेल्या जागेत जतनाची शिस्त आणील आणि रिकाम्या जागेत गोष्ट सांगणारा माणूस बसवील.

धर्माधर्मांतलं सहजीवन हे चेन्नईच्या माहितीपत्रकांचं आवडतं वाक्य आहे. ते खोटं नाही, पण फुकट मिळालेलंही नाही. तिरुवल्लिक्केणीतली वालाजाह मशीद १७९५ ची. ती ग्रॅनाइटमध्ये बांधलेली आहे, आणि तिचा बांधकाम-काल सांगणारा फारसी लेख रचला अर्काटच्या नवाबाच्या पदरी असलेल्या राजा मक्खनलाल ‘खिरत’ या हिंदू मुन्शीने. मशिदीच्या काळ्या दगडात तो आजही आहे. रमजानमध्ये इथल्या इफ्तारचं जेवण कित्येक वर्षं मैलापूरच्या सूफीदार या सिंधी मंडळींच्या संस्थेकडून येतं, आणि वाढणारे स्वयंसेवक हिंदू असतात. हे सगळं खरं. पण याच भागातल्या एका मशिदीसमोरून गणेशविसर्जनाच्या मिरवणुका नेण्यावरून गेली काही दशकं तणाव राहिला आहे आणि तिथे पोलीस बंदोबस्त ठेवावा लागतो, हेही खरं. सार्वजनिक गणेशोत्सव तमिळनाडूत रुजला तो आपल्याकडचा दाखला घेऊन. आपल्या परंपरेतला उत्सव दुसऱ्या शहरात जाऊन कोणत्या रस्त्यावरून जातो आणि कोणासमोर थांबतो, याची चौकशी करणंही मराठी पाहुण्याच्या यादीत असायला हवं. सहजीवन कसं दिसतं ते पाहून परत यावं, पण ते कोण रोज टिकवतो आणि त्याला कशाची किंमत पडते, हेही पाहून यावं.

‘यात आपलं काय?’ हा प्रश्न मी मोडीत काढत नाही. तो खोलवर विचारावा एवढंच म्हणतो. कपालीश्वराहून पायी जाता येईल अशा अंतरावर, लूझ भागात, रानडे ग्रंथालय आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ मध्ये गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांत व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने त्यांच्या नावाचं हे ग्रंथालय मद्रासेत उभं राहिलं. मराठी सत्तेचा उदय कसा झाला यावर १९०० मध्ये पुस्तक लिहिणारा हा मराठी माणूस, आणि त्याच्या विचारांचं मोल ओळखणारे मैलापूरचे तमिळ वकील. इथला मराठी संबंध परंपरेवर नाही, कागदावर उभा आहे. पण यात्रेच्या कार्यक्रमात हे नाव सापडत नाही, कारण तिथे तलवार नाही, जयघोष नाही. प्रार्थना समाजाच्या या नेत्याला मूर्तीवाचून उपासना करता येत होती. त्याचं ग्रंथालय पाहायला फलकावाचून जाता यायला हवं.

आणि हेच प्रश्न महाराष्ट्रात परत येऊन आपल्या देवळांना विचारायला हवेत. पंढरपूरला २०२४ मध्ये विठ्ठल मंदिराचं जतनकाम झालं. नंतर चढवलेले थर काढून जुना दगड उघडा केला गेला, आणि काम चालू असताना तळघरात जुन्या मूर्ती सापडल्या. तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती बहुतेक मूर्ती कोणत्या आणि कोणाच्या, एवढ्यापुरती. काय उतरवलं, काय ठेवलं, कोणी ठरवलं, आणि पायरीवर डोकं टेकणाऱ्या वारकऱ्याला त्यातलं काय सांगितलं, हे प्रश्न मागेच राहिले. चेन्नईतून शिकण्यासारखी गोष्ट नेमकी ही आहे. देऊळ किती जुनं आणि कोणाचं, हे विचारून भेट संपत नाही, तिथून ती सुरू होते. कोणाला हटवून ते उभं राहिलं, कोणी पैसा दिला, कोणी ते जपलं, आज कोण ते बिघडवतो आहे, हे विचारणारा पाहुणा भाविकही राहतो आणि नागरिकही. तो कालिकांबाळपुढे हात जोडील, सँथोमच्या कबरीपाशी टोपी काढील, वालाजाह मशिदीत फारसी लेखाची चौकशी करील आणि तिन्हीकडे सारखेच प्रश्न विचारील. असा पाहुणा कुठल्याही देवळाला ओझं होत नाही, आणि असा यात्रेकरू घडवणं हे आता मराठी शाळांच्या सहलींचं, मंडळांच्या यात्रांचं आणि सहल कंपन्यांचं काम आहे.